‘सोडा’ म्हणेपर्यंत

या खाडीवर माझ्याएवढा छातीचा माणूस झाला नाही. अंधाराला मी भीत नाही, पाण्याला भीत नाही, साहेबाला तर नाहीच नाही. झुरळ, इंजेक्शन आणि आमच्या घरातली मंडळी, एवढे तीन अपवाद सोडले तर माझं काळीज दगडाचं आहे. आणि हो, रात्री काठावरच्या त्या खोलीत मला एकट्याला पाठवू नका. म्हणजे चार अपवाद झाले. असू दे, मोजायला कोण बसलंय.

शाळेत मी सहावीपर्यंत गेलो. सातवी माझ्या मागे बरीच धावली, पण मी तिच्या हाती लागलो नाही. मग फाटलेली जाळी सांधायला या पक्षीकेंद्रावर लागलो तो अजून इथेच आहे. तुमच्यासारखी शिकलेली पोरं पाखरांच्या पायात कडी घालायला इथे येतात, तेव्हा पहिल्याच रात्री त्यांची झोप उडवणं हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. ते मी हौसेने करतो. ए चष्मेवाल्या, दाराकडे पाठ करून बसू नकोस. काही नाही रे, वारा लागेल म्हणून सांगतो.

गोष्ट खरी आहे. खोटी सांगायची असली की मी आधी शपथ घेतो. आज घेतलेली नाही, यावरून काय ते समजा.

ज्याच्यावर बेतली त्याला आम्ही पक्कड म्हणायचो. पाखराच्या पायात कडं घालायचं, बारीक पकडीने दाबून बंद करायचं, पण पायाला चिमटा बसू द्यायचा नाही, या कामात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती पक्कड कायम शर्टाच्या खिशात. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती दिसते.

तर गेल्या खेपेची नोव्हेंबरची वीस तारीख, गुरुवार, अमावास्या. संध्याकाळी सहाला पक्कड कामावर निघाला. बायकोने डबा भरून दिला, थर्मास दिला. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. वहिनीने एवढंच विचारलं की आज वहीत नंबर लिहायला कोण आहे. तो म्हणाला, आहे एक जण. खरं तर कुणी नव्हतं. लिहिणाऱ्या मुलीला ताप भरला होता, आणि एकट्याने खाडीवर जायचं नाही असा केंद्राचा सक्त नियम. पण काळोखी रात्र आणि मोठी भरती असा जोड महिन्यातून एकदाच जमतो. पक्कड मनाशी म्हणाला, फोनवर बोलून ठेवू, सकाळी उतरवून घेऊ. फोनला ताप येत नाही आणि तो तोंडही चालवत नाही.

आता नियम निघालाच आहे तर काम कसं चालतं ते ऐका. उद्या तुम्हालाही करायचं आहे.

ओहोटीत ही चिखलातली पाखरं दूरवर पसरून चरतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत काठाकडे आणतं. तिथे आपलं जाळं, केसाइतकं बारीक, दोन बांबूंना ताणलेलं. काळोखात ते दिसत नाही. पाखरू आदळतं आणि जाळ्याच्या झोळात पडून राहतं. ते अलगद सोडवायचं, कापडी पिशवीत घालायचं, काठावरच्या खोलीत आणून पिशवी खुंटीला अडकवायची. पाणी चढायच्या आत जाळं गुंडाळायचं, नाहीतर खालच्या झोळातली पाखरं बुडतात. हे झालं जाळ्याचं.

खोलीतलं काम दोघांचं. एक जण कडं घालतो आणि नंबर वाचतो. समोरच्या खुर्चीतला लिहितो, आणि लिहिताना तोच नंबर मोठ्याने पुन्हा म्हणतो. मग विचारतो, वेळ? वेळ सांगितली की तीही पुन्हा म्हणतो. सगळं जुळलं की म्हणतो, ‘सोडा.’ हा शब्द कानावर पडेपर्यंत पहिल्याने मूठ उघडायची नाही. पाखरू एकदा उडालं की नंबर तपासायला परत थोडंच येणार आहे.

पक्कडसमोर त्या खुर्चीत बारा वर्षं बसला तो त्याचा मेहुणा, वहिनीचा धाकटा भाऊ. रात्रभर दुसऱ्याचं बोललेलं पुन्हा म्हणतो म्हणून त्याचं नाव पडलं पोपट. त्याला नावाचं काही वाटायचं नाही. उलट बहिणीकडे जेवायला बसला की तिने भाजी वाढू का विचारायचं, आणि याने म्हणायचं, भाजी वाढू का, वेळ साडेआठ, सोडा. वहिनी हसून हसून चमचा खाली टाकायची. हसता काय? माझ्यापेक्षा बरे विनोद करायचा तो.

हा पोपट त्याच्या आदल्या डिसेंबरात, एक तारखेला, खाडीत बुडून गेला.

केंद्राच्या चौकशीत पक्कडने जे सांगितलं ते असं, की मी सव्वाअकरालाच जाळं गुंडाळायला सांगितलं होतं. हा रेंगाळला. भरतीचं भान राहिलं नाही. चाळीसेक पाखरं खालच्या झोळात मेली, ती याच्याच हलगर्जीपणाने. वहीत पक्कडने सव्वाअकरा लिहिलेलं होतं. साहेबांनी मान डोलावली. अहवालात पोपटाची चूक पक्की झाली, आणि पक्कडची खुर्ची वर सरकली. तो केंद्राचा मुख्य झाला. इकडे चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, शेवटी पोपटाचा पोपट झाला. सगळे हसले. हे म्हणणारा कोण ते विचारू नका. त्याने सहावीत शाळा सोडली होती.

वहिनीच्या कानावर ते गेलं. त्या दिवसापासून तिने घरात भावाचं नाव काढलं नाही. भाऊ गेला तो गेला, वर मूर्ख ठरून गेला.

खरं काय झालं होतं ते एका पक्कडलाच ठाऊक होतं. त्या रात्री एका चिखल्याच्या पायात परदेशी कडं निघालं. झिजलेलं, अक्षरं पुसट. हजारो मैलांवरून आलेलं पाखरू. असं आमच्या केंद्रावर तोवर कधी झालं नव्हतं. भिंग लावून पक्कड एकेक आकडा लावत बसला आणि पोपटाला म्हणाला, अजून एक फेरी मार, जोडीदार सापडेल याचा. तेव्हा घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. भरती बारा चाळीसला पूर्ण होणार होती. पोपटाने भरतीची आठवण करून दिली. पक्कड म्हणाला, पळत जा आणि पळत ये.

पोपट फळ्यांच्या वाटेने गेला. थोड्या वेळाने त्याची हाक आली, “भावोजी, पाय रुतलाय.”

“आलोच,” पक्कड म्हणाला आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

दुसरी हाक आली. तोच जबाब. तिसरी आली. तोच जबाब. पाखरू पिशवीत घालायला किती वेळ लागतो? मोजून दहा सेकंद. पिशवी समोर खुंटीला लटकत होती. पण शेवटचे दोन आकडे राहिले होते.

आकडे लागले, तेव्हा साडेबारा झाले होते. बाहेर फळ्या पाण्याखाली होत्या. हाक थांबली होती.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी पोपट सापडला. शर्टाच्या खिशाचं बटण लावलेलं होतं, पण खिसा रिकामा. त्यात नव्या कड्यांची माळ असायची. पन्नास कडी, ओळीने नंबर घातलेली, पहिलं चार शून्य सात एक. पक्कडने वहीत त्या पन्नास नंबरांपुढे लाल पेनाने लिहिलं, हरवली.

आता या, वीस तारखेच्या खोलीत.

पक्कडने जाळं लावलं, अकराच्या ठोक्याला गुंडाळून आणलं. त्या बाबतीत तो फार काटेकोर झाला होता. तीन पाखरं मिळाली. तीन पिशव्या खुंट्यांना अडकवल्या, दार लोटलं, टेबलावरचा दिवा लावला. समोरच्या खुर्चीत फोन उभा करून रेकॉर्डर चालू केला. थर्मासमधला चहा ओतला. खाली खोलीच्या खांबांना पाणी लागायला सुरुवात झाली होती. चुळुक, चुळुक. रोजचाच आवाज.

पहिल्या पिशवीत चिखल्या होता. मानेच्या दोन बाजूंना दोन बोटं, अंग तळव्यात, अशी मूठ करून त्याने पाखरू धरलं. पायात आधीच कडं. पक्कड खूश झाला. आपण कडं घातलेलं पाखरू पुन्हा सापडणं ही चांगली गोष्ट असते. त्याने दिव्याखाली पाय धरला आणि फोनला ऐकू जाईल असा नंबर वाचला.

“चार शून्य सात एक.”

वाचून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण काय वाचलं ते.

त्याने पुन्हा पाहिलं. कडं कोरं करकरीत. तोंड नीट मिटवलेलं, पायाला चिमटा न बसता. असं मिटवणारा हात या खाडीवर एकच होता, आणि तो या घडीला दिव्याखाली पाखरू धरून होता. एका हाताने त्याने कपाटातली जुनी वही काढून उघडली. लाल अक्षरं जिथल्या तिथे होती. कुणाला तरी सापडली असेल माळ, त्याने स्वतःला सांगितलं. कुणीतरी चेष्टा करतंय. त्याच्या मनात माझंच नाव आलं असणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण कडं मिटवणं मला जमत नाही. माझी बोटं जाळ्यातच गुंततात.

चिखल्या त्याने पिशवीत परत ठेवला. दुसरी पिशवी. त्यात तुतवार.

चार शून्य सात दोन.

हा नंबर त्याने मनातच वाचला. तुतवारही पिशवीत परत गेला. तिसरी पिशवी उघडायला त्याला वेळ लागला. पाखरू अगदी शांत होतं. हातात घेतलं तरी फडफडलं नाही. त्याने ते मुठीत धरलं आणि पायाकडे न बघताच म्हणाला, जणू म्हटल्याने खोटं पडेल...

“चार शून्य सात तीन.”

“चार शून्य सात तीन,” खुर्चीतून आलं. “वेळ?”

फोनचा लाल ठिपका चालू होता. फोन तसाच उभा होता. आवाज फोनच्या थोडा वरून आला होता. माणूस खुर्चीत बसला की त्याचं तोंड जिथे येतं, तिथून.

पक्कडने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते. पण तोंडातून निघालं ते वर्षभर घोकलेलं.

“सव्वाअकरा.”

काही नाही.

चुळुक... चुळुक...

पोपटाने वेळ पुन्हा म्हटली नाही.

पक्कडला वाटलं, पाखरू सोडावं आणि पळावं. त्याने मूठ उघडली. म्हणजे उघडायला गेला. बोटं हलली नाहीत. बारा वर्षांची सवय, तो मनाशी म्हणाला. हाताला सवय लागलीये... शब्द ऐकायची.

“वेळ?”

“पावणेबारा,” तो म्हणाला. घड्याळातली खरी वेळ.

काही नाही.

मग बाहेर पावलं वाजली. फळ्यांवर. फळ्या तर एव्हाना पाण्याखाली गेल्या होत्या... पण पावलं कोरडी वाजत होती. खट. खट. खट. दारापर्यंत आली. थांबली.

“वेळ?”

खुर्चीतला आवाज कुठली वेळ विचारतोय ते आता त्याला कळलं.

त्याने डोळे मिटले. चौकशीत बोलला नाही, बायकोशी बोलला नाही, ते तो रिकाम्या खुर्चीशी बोलला.

“बारा पाच. बारा पाचला मी तुला पाठवलं. भरती ठाऊक असून पाठवलं.”

“बारा पाच.” क्षणभर कागदावर पेन फिरल्यासारखं झालं. “हाका?”

“...एक.”

काही नाही.

“तीन,” पक्कड म्हणाला. “तिन्ही ऐकल्या.”

“तीन. पिशवी?”

“समोर होती. खुंटीला.”

“समोर होती. खुंटीला.”

झालं. सगळं लिहून झालं. सगळं जुळलं. पक्कड वाट बघत राहिला. मुठीत पाखराचं काळीज धडधडत होतं, आणि त्याच्या बोटांना रग लागली होती. खांब बुडत चालले होते. बारा वाजले... सव्वाबारा...

“सोडा म्हण ना रे,” तो म्हणाला.

त्याने मूठ खुर्चीकडे पुढे केली.

“पोपट, सगळं सांगितलं मी. सोडा म्हण.”

खुर्ची मागे सरकली. पाय घासून सरकते, तशी. पावलं दाराकडे गेली. मग फळ्यांवर. मग लांब. पक्कड उठून दाराशी धावला. बाहेर नुसतं काळं पाणी. त्याने हाक मारली, एक, दोन, तीन. मेहुण्याला नावाने हाक मारली, बारा वर्षांत पहिल्यांदा.

खूप लांबून, पाण्यावरून, जबाब आला.

“आलोच.”

आला नाही.

सकाळी साडेसहाला जाळं न्यायला जो माणूस त्या खोलीत गेला तो मीच. पक्कड जमिनीवर बसला होता. उजवी मूठ छातीशी धरलेली, पाखरू धरतात तशी, दोन बोटांत मान धरल्यासारखी. मुठीत काही नव्हतं. चोच नाही, शेपूट नाही, पीस नाही. मी त्याला म्हटलं, अरे काय ध्यान लावून बसलास. तो म्हणाला, हळू बोल, घाबरेल. दोन पिशव्या खुंटीला होत्या, त्यातली पाखरं मी बाहेर नेऊन सोडून दिली. पायातले नंबर मी वाचले नाहीत. सहावी शिकलेल्या माणसाने सगळंच वाचू नये.

फोन मात्र सगळ्यांनी ऐकला. त्यात पक्कडचाच आवाज आहे. तो बोलतो, मग थांबतो, दुसऱ्याचं बोलणं ऐकायला जेवढं थांबावं तेवढंच थांबतो, मग पुन्हा बोलतो. मधल्या जागांत नुसतं पाणी. बारा पाच त्यात आहे, तीन हाका आहेत, पिशवीही आहे. साहेबांनी दोनदा ऐकून अहवाल बदलला. पोपटावरचा ठपका पुसला, पक्कडचा परवाना काढून घेतला, खुर्ची गेली. वहिनीने एकदाच ऐकला. स्वयंपाकघरात उभ्याने, गॅस बंद करून. संपल्यावर फोन पालथा ठेवला आणि अर्धवट चिरलेली भाजी पुढे चिरायला घेतली.

राहिली मूठ. ती उघडेना. गरम पाण्यात धरून झाली, तेल चोळून झालं, हाडांचे दोन डॉक्टर झाले. एक्स-रेच्या फोटोत हाडं ठीक, शिरा ठीक. गुंगीचं औषध देऊन बघितलं. गडी घोरत पडला, पण मूठ जागी. आणि नाडी. मनगटावर माणसाची नाडी लागायची, बहात्तर-पंचाहत्तर. मुठीच्या फटीवर बोट ठेवलं की दुसरीच लागायची. मोजता येणार नाही इतकी भरभर. डॉक्टर म्हणाले, स्नायू थरथरतोय. मीही बोट ठेवून बघितलं. फट ऊबदार होती. मी बोट काढून घेतलं आणि त्या दिवशी कुणाचीही चेष्टा केली नाही. विचारा कुणालाही.

वहिनी घर सोडून गेली नाही. दोन वेळचं ताट त्याच्यापुढे सरकवायची, डाव्या हाताला पडेल असं ठेवायची. बोलायची मात्र नाही. महिना असा गेला. पक्कड रात्री झोपेना. कुशीवर वळायची भीती, हात अंगाखाली येईल म्हणून. वाळला पार.

एका दुपारी मी जाळ्याचा दोरा मागायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. वहिनी खिडकीपाशी धान्य निवडत होती. पक्कड तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. माझी लाजसुद्धा धरली नाही त्याने. मूठ तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “तू म्हण. तू बहीण आहेस त्याची. तुझं ऐकेल तो. एकदा सोडा म्हण.”

वहिनीने सूप बाजूला ठेवलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिने त्याचा हात हातात घेतला. पालथा केला, सुलटा केला. आंगठा फटीवर ठेवून बसली. किती वेळ बसली कोण जाणे. मला दाराबाहेर जावंसं वाटत होतं, पण पाय निघेना. मग तिने ती मूठ दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि परत त्याच्या छातीशी नेऊन ठेवली.

“जिवंत आहे अजून,” ती म्हणाली. “जपून धरा.”